‘कारण’ नावाचा रकाना

पहिल्याच तासाला सरांनी फळ्याला हात लावला नाही. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, “घरात कोण काय काम करतं ते सांगा. आणि त्या कामाची खूण त्यांच्या अंगावर कुठं आहे, तेही सांगा.”

औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेचा तो वर्ग. सगळेच कुठल्या ना कुठल्या कारखान्यात काही वर्षं काढून पुन्हा बाकावर येऊन बसलेले. चाळीस जणांत आम्ही मुली तिघी. एकाचे वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत म्हणाला. सोलापूरच्या मुलाची आई विड्या वळायची; तिचा खोकला थांबलेला त्याला आठवत नव्हता. एकाचा चुलता खडी क्रशरवर होता. टीबीचा कोर्स दोनदा झाला, तरी दम लागायचा थांबत नव्हता. ते ऐकून सरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. दगडाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस आपल्याकडे कितीदा टीबी समजला जातो, हे आम्हाला पुढं कळायचं होतं.

माझी पाळी आली. “वडील इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. एकतीस वर्षं झाली. खूण वगैरे काही नाही, तब्येत ठणठणीत आहे.”

“ऐकू येतं नीट?”

“वयामानानं थोडं कमी येतं.”

सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या उत्तरात माझं काही चुकलंय हे कळायला मला सात महिने लागले.

हा विषय शिकतेय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर पिवळं हेल्मेट येतं. नाहीतर ४ मार्चचा कार्यक्रम. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून त्या आठवड्यात कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. मीही फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, असताना एकदा दुसरं बक्षीस मिळवलं होतं, स्टीलचा डबा. त्या कार्यक्रमांना मी नावं ठेवत नाही. पण हा अभ्यास म्हणजे मुळात एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारणं आहे, आणि तो पहिल्या उत्तरावर न थांबता विचारणं आहे. असं का झालं?

ह्या प्रश्नाशी माझा एक जुना हिशेब होता.

आधीचा डिप्लोमा झाल्यावर मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत लागले. काम प्लॅनिंगचं, टेबलावरचं, पण टेबलापासून वाळूचा मिक्सर चाळीस पावलांवर. फौंड्रीत वाळू म्हणजे जीव; तिच्याच साच्यांत वितळलेला धातू ओततात. वाळू, बेंटोनाइटची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी मोठ्या गोल भांड्यात पडतं आणि त्यावरून जड चाकं फिरत राहतात. वाळू तयार झाली की नाही हे जुना कामगार मूठ आवळून बघतो. ढेकूळ टिकलं, त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि मोडल्यावर कड स्वच्छ आली, म्हणजे वाळू जमली. नमुना घ्यायला मिक्सरच्या अंगाला एक लहान खिडकी असते. वरून झाकण असतं.

२०१७ च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या पाळीत, मिक्सरवरच्या मामांनी वरून हात घातला. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ओरडल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मशीन बंद झालं आणि अख्ख्या शेडमध्ये अशी शांतता पसरली जशी मी तिथं कधी ऐकली नव्हती.

काम करणारा माणूस अपघातानंतर ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला त्याची सूचना सरकारला द्यावी लागते. तो फॉर्म भरायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. नाव, वय, पाळी, मशीन, दुखापत हे सुपरवायझरनं सांगितलं. अपघाताचं कारण विचारलं तेव्हा तो दवाखान्यात फोन लावत होता. “ते लिही तू,” म्हणाला. मी फाइलमधले जुने फॉर्म उघडले. त्या रकान्यात सगळीकडे जवळजवळ तेच होतं. मीही सुंदर अक्षरात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

मामांवर उपचार झाले, काही रक्कम हातात पडली, आणि ते कामावर परत आले नाहीत. मीही तो रकाना विसरून गेले.

तो मला वर्गात भेटला. अमेरिकन विमा कंपनीतल्या हाइनरिश नावाच्या माणसाचं काम आम्हाला अभ्यासाला होतं. त्यानं १९३१ साली मांडलं की शंभरातले ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. हा आकडा पुढं कित्येक दशकं जगभरच्या कारखान्यांत फलकांवर झळकला. कामगाराला बोल लावायला ह्यापेक्षा सोपी टक्केवारी नव्हती. सरांनी विचारलं, “हे ८८ आले कुठून?” आम्ही गप्प. “विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून. आणि त्या नोंदी कोण लिहीत होतं?”

मला माझी लेखणी आठवली. निळी, टोपण चावलेली. अशाच हातांनी लिहिलेल्या अशाच रकान्यांची बेरीज म्हणजे तो आकडा होता, आणि त्या हातांत एक माझाही होता. त्या दिवशी डबा उघडला नाही.

नुसता शब्द म्हणून तरी तो निरुपद्रवी होता का? मामांच्या अपघाताच्या वेळी लागू असलेला कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा होता. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या अंगाची टक्केवारी दिली होती. अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०. वर्गात तो तक्ता वाचताना प्रत्येक जण नकळत स्वतःच्या हाताकडे बघत होता. साध्या निष्काळजीपणामुळे भरपाई बुडत नाही. पण कामगारानं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं किंवा डावललं असं दाखवता आलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी दुखापतींत मालकाला हात वर करता येतात. म्हणजे त्या रकान्यात आणखी चार शब्द घालायचं मनात आलं असतं, तर मी एका माणसाचा हक्क पुसू शकले असते. तेवीस वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

आणखी एक शब्द त्याच आठवड्यात भेटला. कुणालाही इजा न होता टळलेला अपघात. इंग्रजी पाठ्यपुस्तकात त्याला दोन शब्दांचं नाव आहे, पण सरांनी फळ्यावर लिहिलं: काळ आला होता पण वेळ आली नव्हती. आणि खाली बसून राहिले. आपल्या घरांत हे वाक्य कधी म्हटलं जातं? क्रेनचा हुक डोक्याजवळून जातो, बॉयलरचा व्हॉल्व्ह ऐनवेळी उघडतो, माणूस शिडीवरून घसरून वाळूत पडतो. आपण हात जोडतो, नारळ फोडतो, चहा पितो. त्या हात जोडण्यात मला काही वावगं वाटत नाही, मीही जोडते. पण अभ्यास सांगतो की खरी चौकशी तेव्हाच करायची असते. रक्त नसतं, पोलीस नसतात, कुणी कुणाला वाचवायला खोटं बोलत नसतं. काळ का आला होता, हे विचारायची सगळ्यात निर्मळ घडी तीच.

आमच्या आज्ज्याला हे ठाऊक होतं, असं मला आता वाटतं. शिरोळ तालुक्यात आमची आडबाजूला विहीर होती. उन्हाळ्यात गाळ काढायच्या आधी आज्जा पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. मी काठावर पालथी पडून बघत असे. दिवा खाली खाली जायचा, ओल्या दगडांवर पिवळा उजेड हलायचा. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर त्या दिवशी काम बंद, झाडाच्या फांद्या दोरीला बांधून तासतासभर वर-खाली करायच्या, हवा हलवायची. एका वर्षी दिवा दोनदा विझला. उतरायला आलेला माणूस म्हणाला, “पाटील, वाऱ्यानं विझला आसंल.” आज्जा म्हणाला, “मग वाऱ्यालाच इचारू उद्या.”

बंदिस्त जागेत काम कसं करायचं हा धडा आला तेव्हा मला तो कंदील आठवला. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की मापक ओरडतो, उतरायचं नाही. ज्योत विझते ती साधारण १६ च्या आसपास, म्हणजे कंदील इशारा देतो पण फार उशिरा. आणि गटारात, मैल्याच्या टाकीत, सांडपाण्याच्या हौदात जो हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच घात करेल. त्या वायूला कुजक्या अंड्याचा वास येतो. थोडा असेल तेव्हा येतो. दशलक्षात शंभर भागांपर्यंत पोचला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं उतरणाऱ्याला वाटतं, आणि तिथंच तो कोसळतो.

मग वरचा दुसरा उतरतो. भाऊ असतो, मुकादम असतो, शेजारच्या शेडमधला पोरगा असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं १९८६ साली नोंदवलं की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला उतरलेले होते. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दोन-तीन ओळींची असते: टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू. मी ती बातमी आता वेगळी वाचते. पहिला कोण उतरला, आणि दुसऱ्याला कुणीच का धरून ठेवलं नाही? वर तिपाई का नव्हती, पहिल्याच्या कमरेला दोर का नव्हता? दोर असता तर कुणाला उतरावंच लागलं नसतं. आज्ज्याकडे उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असायचा, आणि त्याचं दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला.

भोपाळवर सरांनी पूर्ण आठवडा घेतला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र आम्हाला सगळ्यांना ऐकून माहीत होती, तपशिलानं कुणालाच नव्हती. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाइल आयसोसायनेट तापून उसळलं आणि सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्तीवर उतरला. कंपनीचं म्हणणं होतं की कुणा नाराज कामगारानं मुद्दाम पाणी सोडलं. सरांनी तो दावा खोडायच्या भानगडीत न पडता फळ्यावर चार प्रश्न लिहिले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद का होती? बाहेर पडणारा वायू धुणारा स्क्रबर चालू स्थितीत का नव्हता? वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप सोडवून का ठेवला होता? इतका विषारी माल एवढ्या प्रमाणात साठवलाच का? “पाणी कुणी घातलं हे कळलं तरी ह्या चारांची उत्तरं मिळत नाहीत,” ते म्हणाले. १९८७ साली कारखाने कायद्यात जी नवी कलमं आली त्यांत एक असं होतं की धोकादायक कारखान्यानं आपल्याकडे काय आहे आणि ते सुटलं तर काय करायचं, हे कामगारांना आणि आसपास राहणाऱ्यांनाही सांगितलं पाहिजे. भोपाळच्या त्या वस्तीला तोंडावर ओलं फडकं धरा एवढंही कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात डोंबिवलीच्या औद्योगिक भागात झालेले स्फोट आठवले, की त्या कलमाची मला फार आठवण होते.

आता आप्पांबद्दल, माझ्या वडिलांबद्दल.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून गावाला एक आवाज आहे. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री झोपू शकत नाही. आम्हाला त्या खडखडाटाशिवाय झोप येत नाही. आप्पा सहा माग बघतात, बारा तासांची पाळी. शेडमध्ये बोलणं म्हणजे हातवारे आणि ओठ. धोटा अडकला, कांडी संपली, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलाव, चहा आला, सगळं ओठांवर. लहानपणी मी शेडच्या दारात डबा घेऊन उभी राहिले की आप्पा लांबून माझे ओठ वाचायचे. ही त्यांची कला आहे असं मला वाटायचं.

२०२० साली कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि आप्पा एकाएकी बहिरे झाले. दुकानदार काय म्हणतो कळेना, दवाखान्यातली नर्स काय म्हणते कळेना. आईनं “हात धुवा” म्हटलं की हे म्हणायचे “भात नको आत्ता.” चिडायचे. “मला सगळं ऐकू येतंय. तुमीच हळू बोलायला लागलाईसा.” आम्ही हसायचो आणि म्हणायचो, वय झालं. ते कित्येक वर्षं कानांनी ऐकतच नव्हते, ओठांवर भागवत होते, आणि मास्कनं ओठ झाकले तेव्हा उघडं पडलं, हे घरातल्या एकालाही सुचलं नाही. एका महिन्यात कुणाचं वय होत नाही.

सातव्या महिन्यात गोंगाटाचा धडा आला आणि प्रकल्पासाठी आवाज मोजायचं यंत्र घरी न्यायला मिळालं. मालकांना विचारून मी रात्रपाळीला आप्पांच्या शेडमध्ये गेले. चोवीस माग चालू. यंत्र आप्पांच्या कानाच्या उंचीवर धरलं. आकडा ९६ ते ९९ मध्ये नाचत ९७ वर स्थिरावला. आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांनी ओठांनी विचारलं, लई हाय का?

आपल्या कारखाना नियमांतला तक्ता असा आहे: ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, ९७ ला तीन, १०० ला दोन. डेसिबल हे माप वरवर दिसतं तसं सरळ चढत नाही. तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेच्या त्याच व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेच्या, अधिक कडक, शिफारशीनं गेलं तर ९७ ला दिवसातून अर्धा तास. आप्पा रोज बारा तास उभे होते. मी मोबाइलवर गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला.

कापसाच्या बोळ्यांचं सांगायला गेले तर आप्पा म्हणाले, “कान झाकले तर माग कसा ऐकू?” हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. धोटा फेकणारा पिकर ढिला झाला, धोट्याची फेक चुकायला लागली, की आधी आवाज बदलतो आणि मग कापड बिघडतं. मागवाला कापड वाचवायला कान उघडे ठेवतो. म्हणून ह्या विषयात कानातलं बूच सगळ्यात शेवटचा उपाय मानतात. आधी यंत्र कमी आवाजाचं करता येतं का, मग आवाज अडवता येतो का, मग माणसाचे तास कमी करता येतात का, आणि हे सगळं करून उरलं तर बूच. आपण उलट्या टोकानं सुरुवात करतो, कारण बूच पाच-दहा रुपयांना मिळतं आणि ते घातलं नाही तर दोष कामगाराचा.

मग त्यांना कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत वय विचारलं, शुगर विचारली, बीपी विचारलं, तंबाखू विचारली. काय काम करता, हे विचारलं नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न विचारा: तुझा धंदा काय? व्हेनिसच्या तांबटांना भांडी ठोकून ठोकून बहिरेपण येतं, हे त्याच्या नोंदींत आहे. पुण्याच्या तांबट आळीतून एकदा गेलेल्या कुणालाही ते पटेल. तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न, आणि माझ्या वडिलांना तो पहिल्यांदा माझ्या वर्गातल्या सरांनी विचारला होता, तेही माझ्यामार्फत. मीच म्हटलं, “डॉक्टर, ते मागावर असतात.” त्यांनी हातातला आलेख पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

तो आलेख माझ्याकडे आहे. सुरांची उंची डावीकडून उजवीकडे वाढत जाते. रेघ आधी बरी चालते, मग उतरू लागते, ४००० हर्ट्झला खड्ड्यात पडते, आणि ८००० ला थोडी वर येते. वयानं कमी होणारं ऐकणं असं नसतं. त्याची रेघ उताराला लागली की उतरतच जाते, परत वर येत नाही. खड्डा आणि नंतरची चढण ही गोंगाटाची सही. त्या वरच्या पट्टीतच आपले स, श, फ, थ राहतात. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत. म्हणून आप्पांना आवाज येतो आणि शब्द येत नाहीत. हात, भात, सात सगळं एकच ‘आत’ होऊन पोचतं. कानाच्या आतल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वयामानानं, असं मी चाळीस जणांसमोर म्हटलं होतं.

गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. तिथं २९ रोग होते, आणि त्यांतला एखादा दिसला तर डॉक्टरनं सरकारला कळवायचं असायचं. पण आप्पांच्या शेडमध्ये कामगार नऊ. त्या कायद्यात, वीज वापरत असाल तर दहा माणसांपासून कारखाना सुरू व्हायचा, आणि कामाच्या जागच्या सुरक्षेच्या २०२० च्या संहितेनं ती रेघ वीसवर नेली. सरकारनं वेगळी अधिसूचना काढून आत घेतल्याशिवाय त्या रेघेखालचा गोंगाट कुणाच्या वहीत येत नाही. मला ह्याचा राग येतो, आणि तो राग अभ्यासानं कमी झाला नाही, वाढला. कान तेवढेच नाजूक असतात, शेडमध्ये नऊ माणसं असोत की नऊशे.

परीक्षेत एक प्रश्न होता: तुम्ही पाहिलेल्या एखाद्या अपघाताचं मूळ कारण शोधा. पाच वेळा ‘का’ विचारा. मी मामांचा अपघात घेतला. हात वरून का घातला? नमुना घ्यायला. खिडकी असताना वरून का? इथं थांबले. मला माहीत नव्हतं. झाकण का नव्हतं? माहीत नव्हतं. झाकण उघडताच मशीन बंद करणारा साधा स्विच का नव्हता? माहीत नव्हतं. अंदाजानं लिहून गुण मिळाले. पण त्या उत्तरपत्रिकेत आणि माझ्या त्या फॉर्ममध्ये तसा फरक नव्हता. दोन्हींत जो माणूस सांगू शकला असता त्याला मी विचारलं नव्हतं.

सुरक्षा अधिकारी व्हायला नियमांत एक अट आहे, पदवी-पदविकेच्या बरोबरीची: कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे. पहिल्यांदा वाचली तेव्हा किरकोळ वाटली होती. आता मी जिथं नोकरी करते तिथं फर्नेसवर भोजपुरी आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, ओडिया बोलतात, आणि मी संध्याकाळी पोरांकडून ओडिया शिकते. ‘गरम’, ‘थांब’, ‘हात काढ’ आणि ‘काय झालं’ एवढं येतं.

निकाल लागल्यावर मामांना शोधत गेले. हातकणंगल्याजवळच्या त्यांच्या गावात दुकान टाकलंय, बिस्किटं, तंबाखू, शाळेच्या वह्या. उरलेल्या दोन बोटांनी पुडा उचलून अंगठ्यानं दाबून धरतात, बघणाऱ्याला एरवी लक्षातही येऊ नये इतकं सराईत. त्यांनी मला ओळखलं. “फॉर्म ल्हिनारी पोरगी न्हवं तू?”

मी त्या फॉर्मात काय लिहिलं होतं ते सांगितलं. त्यांना कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्याला सुटे पैसे दिले. मग म्हणाले, “वही हाय का?”

त्यांच्याच दुकानातली एक घेतली.

“पान्याचा कॉक गळत हुता. आठ दिस. दोनदा सांगितलं मी. वाळू वल्ली व्हायची, खिडकी चोंदायची. मंग नमुना काडायचा कुठनं? वरनं.” त्यांनी पंजा उघडून तिरका धरला, तेव्हा धरला असेल तसाच. “आनि झाकन. झाकन खंडेनवमीच्या सफाईला काडलं हुतं. म्हटले पूजा हू दे, मंग बसवू. त्ये तसंच भितीला टेकून ऱ्हायलं. मी रोज बगायचो त्याच्याकडं.”

मी लिहीत होते.

“भितीला टेकून, ल्हिलंस?”

“लिहिलं.”

“वाच बगू.”